जुना बेलर गाठ मारत नसेल तर आधी तुटलेली सुतळी बघा, पाना नंतर

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढं आमची साडेतीन एकर जमीन आहे, त्यातली निम्मी नुसतं माळरान, पावसाळा संपला की गुडघाभर गवत. मी शनिवार-रविवारचा शेतकरी, बाकी पाच दिवस नोकरी. तीन गाई आहेत आणि दरवर्षी वैरण विकत घेऊन वैताग आला म्हणून एक जुना चौकोनी गठ्ठ्याचा बेलर (वाळलेलं गवत दाबून गठ्ठे बांधणारं, ट्रॅक्टरवर चालणारं मशीन) घेतला, म्हणजे कुणाच्या तरी शेडमध्ये बरीच वर्षं धूळ खात पडलेला, रंग उडालेला, पुस्तक हरवलेलं. पहिल्या दिवशी ४१ गठ्ठे काढले आणि त्यातले १७ उचलायला गेलो की हातातच सुटले. मग दोन सीझन जे शिकलो ते इथं लिहितोय, नवीन माणसासाठी. ज्यांच्याकडे गोल गठ्ठ्याचं मशीन आहे त्यांना यातलं निम्मं लागू नाही, हे फक्त सुतळीने बांधणाऱ्या छोट्या चौकोनी बेलरबद्दल आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मशीन काय चुकतंय ते मशीन स्वतःच सांगतं, गठ्ठ्यावर लिहून देतं. आपण मात्र गठ्ठा लाथेनं बाजूला करतो आणि पाना घेऊन नट फिरवायला बसतो, चार नट फिरवले की मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हेच कळेनासं होतं. त्यामुळे सुटलेला गठ्ठा फेकू नका, त्याची सुतळी काढून दोन्ही टोकं उन्हात धरून बघा. त्यावर खाली सविस्तर येतोच.

आधी जिवाचं. बेलरला हात लावायचा म्हणजे पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, बेलर फिरवणारा दांडा) बंद, ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. दुसऱ्याच्या नाही, ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. पीटीओ बंद केला तरी बेलरचं ते जड फ्लायव्हील (ताकद साठवणारं चाक) बराच वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत लांब उभं राहायचं. गळ्यात उपरणं, लोंबणारी बाही, धोतराचा सोगा, साडीचा पदर यातलं काहीही पीटीओ शाफ्टच्या जवळ नको, आणि शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं असेल तर सीझन सुरू करायच्या आधी तेच बदला, बाकी सगळं नंतर. पिकअपमध्ये, म्हणजे जमिनीवरचं गवत उचलणाऱ्या दातांत, गवत अडकलं की पायानं ढकलायची इच्छा होते, सगळ्यांना होते. नका ढकलू. दात पायापेक्षा फास्ट आहेत.

आणि गवताचा भुस्सा, ग्रीस आणि गरम बेरिंग एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही, तर पाण्याचा कॅन आणि जमलं तर एक छोटं आग विझवायचं सिलेंडर ट्रॅक्टरवर असू द्या.

आता मशीन हाताने फिरवणं. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं काम. ट्रॅक्टरची चावी काढून मग फ्लायव्हील हाताने, चालताना फिरतं त्याच दिशेला फिरवायचं, उलटं अजिबात नाही, उलटं फिरवलं की नॉटर (गाठ मारणारा भाग) आणि सुतळी वर आणणाऱ्या सुयांचं काहीतरी वाकतं. दोन माणसं लागतात, एकजण फक्त फिरवणार आणि दुसरा फक्त बघणार, हात पाठीमागे. कारण गाठ मारायचा खटका पडलेला असेल तर सुया खालून एकदम वर येतात आणि त्या नावालाच सुया, चांगल्या जाड लोखंडाच्या असतात. फिरवताना कुठं जड जातंय, कुठं करकर येतेय, प्लंजर (गवत दाबणारा दट्ट्या) कुठं घासतोय ते कळतं. आमच्या मशीनमध्ये पहिल्याच फेरीला प्लंजरखाली दगडासारखी घट्ट झालेली जुनी गवताची ढेकळं निघाली. ग्रीसची निप्पल मोजून घ्या, जुन्या मशीनवर रंगाखाली आणि मातीखाली दोनचार तरी लपलेली असतात. गिअरबॉक्सचं तेल बघा. नॉटरवरचा भुस्सा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवा, आमच्याकडे कॉम्प्रेसर नाही म्हणून मी रंगाच्या ब्रशने झाडतो, चालतं.

गाठ कशी पडते हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मी भीती जाते. सुतळीचं एक टोक वर नॉटरच्या खाचा असलेल्या चकतीत पकडलेलं असतं. तिथून ती खाली चेंबर (जिथं गवत दाबलं जातं तो बोगदा) ओलांडून सुईच्या नाकातून सुतळीच्या डब्याकडे जाते, म्हणजे गवताच्या वाटेत आडवी ताणलेली असते. प्लंजर गवत ढकलत जातो तसा गठ्ठा त्या सुतळीला घेऊन पुढं सरकतो, म्हणून सुतळी आपोआप गठ्ठ्याच्या पुढच्या बाजूला, वर आणि खाली लागते. लांबी पुरी झाली की खटका पडतो, सुई खालून वर येते आणि गठ्ठ्याच्या मागच्या बाजूने सुतळी वर आणून त्याच चकतीत ठेवते. आता दोन पदर शेजारी शेजारी आले. मग ती चोचीसारखी वस्तू, पुस्तकात बिलहुक म्हणतात, आमचे मिस्त्री सरळ चोच म्हणतात, ती स्वतःभोवती एक गिरकी घेते, दोन्ही पदर तिच्याभोवती गुंडाळले जातात, ती तोंड उघडून दोन्ही पदरांची टोकं दाताखाली धरते, तेवढ्यात पातं सुतळी कापतं आणि वायपरचा हात गुंडाळलेला फास चोचीवरून ओढून काढतो. फास टोकांवरून घसरला की झाली गाठ. सुई खाली जाताना नवीन सुतळी चकतीतच ठेवून जाते, पुढच्या गठ्ठ्यासाठी. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, म्हणून चालू मशीनकडे बघून काहीच कळत नाही, हाताने हळूहळू फिरवून आठदहा वेळा बघा. घरच्या पोरांना दाखवा, त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजतं.

अशी सुतळीला गाठ मारणारी मशीन १८७० च्या दशकात अमेरिकेत आधी गव्हाच्या पेंढ्या बांधायला आली, गाठ मारायची कल्पना आजही जवळपास तीच आहे. म्हणजे यात इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, जे बिघडतं ते डोळ्याला दिसणारं असतं.

तर आता सुटलेल्या सुतळीची टोकं.

एका टोकाला गाठ आहे आणि दुसरं टोक साफ, धड, कापलेलं आहे. म्हणजे दुसरा पदर गाठीच्या वेळी चोचीत नव्हताच. आता तो पदर कुठला ते बघायचं. गठ्ठ्याच्या पुढच्या बाजूचा असेल तर तो आधीपासून चकतीत होता आणि निसटला, म्हणजे चकतीची पकड ढिली आहे किंवा चकतीत भुस्सा भरलाय. मागच्या बाजूचा असेल तर सुईने आणला पण जागेवर ठेवला नाही, म्हणजे सुई वाकलीय, घासतेय, किंवा सुतळीला ताण कमी आहे आणि ती लोंबतेय. डब्यापाशी सुतळीवर एक ताण देणारा स्प्रिंग असतो, आधी तो बघा, सोपं आहे.

टोक पिंजलेलं, झाडूसारखं झालंय. मग पकड जास्त घट्ट आहे आणि चकतीच सुतळी चावतेय, किंवा पातं बोथट आहे आणि कापायच्या ऐवजी तोडतंय. पातं काढून धार लावणं दहा मिनिटांचं काम, ते आधी करा. मला पातं बोथट असू शकतं हे सुचलंच नाही, मी पकडीचा नट फिरवत राहिलो, आणि मग पकड इतकी ढिली झाली की वरचा पहिला बिघाड नव्याने सुरू.

गाठ व्यवस्थित आहे पण तिच्या अगदी जवळ सुतळी तुटलीय. ही गाठ चोचीवरच अडकून राहिली आणि गठ्ठा पुढं गेल्यावर ताणून तुटली. चोचीवर गंज असतो, खडबडीत झालेली असते, जुन्या पडून राहिलेल्या मशीनला हे हमखास. बारीक पॉलिश पेपर घेऊन आरशासारखी करा. तरी अडकत असेल तर वायपरचा हात चोचीला घासून जातोय का बघा, हात फिरवताना चोचीच्या पाठीवर तो घासल्याची चकचकीत खूण दिसायला पाहिजे. नसेल दिसत तर तो हात थोडासा, अगदी थोडासा वाकवायचा असतो, आणि हे काम पहिल्यांदा जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. चोचीच्या जबड्याचा स्प्रिंग फार घट्ट असेल तरी हेच होतं.

उलट गाठ पडतच नाही, दोन्ही टोकं साफ कापलेली पण नुसती वळण आलेली, जणू गुंडाळी केली आणि सोडून दिली. जबडा टोकं धरून ठेवत नाहीये. स्प्रिंग ढिला, किंवा जबडा झिजलाय.

आणि गाठ मस्त आहे पण सुतळी मध्येच कुठंतरी तुटलीय. नॉटरला शिव्या देऊ नका, त्याचा काही दोष नाही. सुईच्या नाकात घासून खाच पडली असेल, चेंबरमध्ये कुठं पत्रा उचकटला असेल, किंवा गठ्ठा दाबायचे वरचे स्प्रिंग इतके आवळले असतील की सुतळीला झेपत नाही. नाहीतर सुतळीच वाईट.

सुतळीवरून आठवलं. मी शहाणपणा करून रविवार कारंजाला जाऊन पॅकिंगची तागाची सुतळी आणली होती, निम्म्या पैशात. जाडी एकसारखी नाही, मध्ये मध्ये गाठोळ्या, सुईच्या नाकात अडकायची आणि तुटायची. बेलरची म्हणून जी ट्वाइन मिळते तीच घ्या. सिसलची (घायपाताच्या धाग्याची) आणि प्लॅस्टिकची असे दोन प्रकार असतात, जुने नॉटर बरेचदा सिसलवर सेट केलेले असतात आणि प्लॅस्टिकची सुतळी गुळगुळीत असल्यामुळे चकतीतून निसटते, तेव्हा बदललीत तर पकड परत सेट करावी लागणार हे धरून चाला. प्लॅस्टिकची असेल तर गाईपुढं टाकताना एक तुकडाही वैरणीत राहू देऊ नका, पोटात गेली की गाईच्या जिवावर येतं. आणि गुंडा आतून उलगडायचा असतो, बाहेरून नाही. पहिल्या गुंड्याचं शेपूट दुसऱ्याच्या आतल्या टोकाला बांधून ठेवायचं, गाठ चपटी आणि लहान, टोकं कापून टाकायची.

पुस्तक नसेल तर काळजी करू नका, कारण नॉटर दोन असतात आणि दोन्ही एकदम बिघडत नाहीत. जो चालतोय तेच तुमचं पुस्तक. स्प्रिंग किती दबलाय, वायपरचा हात किती जवळ आहे, नटाचे आटे किती बाहेर आहेत, सगळं चांगल्या बाजूवरून मोजा आणि बिघडलेल्या बाजूला तसं करा. दुसरी युक्ती, डावा आणि उजवा सुतळीचा गुंडा अदलाबदल करा. बिघाड गुंड्याबरोबर गेला तर सुतळी, जागेवर राहिला तर नॉटर. नट फिरवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि नटावर नेलपॉलिशची खूण करा (बायकोची विचारून घ्या, मी नव्हती विचारली), एका वेळी एकच नट, तोही अर्धा फेरा, मग चारपाच गठ्ठे काढून बघा.

शिअर बोल्टचं प्रकरण. फ्लायव्हीलला एक बोल्ट असतो जो मुद्दाम तुटण्यासाठीच बनवलाय, आत काही अडकलं तर तो तुटतो आणि बाकी मशीन वाचतं. माझे एका संध्याकाळी चार तुटले. हार्डवेअरवाल्याने समजूत काढली की हा हाय टेन्साइल घेऊन जा, हा तुटणारच नाही. खरंच नाही तुटला. त्याच्या ऐवजी सुई तुटली. अंबड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने जोडून दिली पण थोडी वाकडी बसली, शेवटी भंगारातल्या तशाच मशीनची सुई शोधून आणली, त्यात दिवाळी गेली.

आणि कारण काय होतं, तर माझंच तेल. नॉटरच्या शाफ्टवर एक ब्रेक असतो, काम झाल्यावर सुया खाली जिथल्या तिथं थांबवून ठेवायला. मी सगळीकडे प्रेमाने तेल घातलं तसं त्या ब्रेकलाही घातलं. ब्रेक घसरायला लागला, सुया हिसक्याने थोड्या वर सरकायच्या, आणि सुया चेंबरमध्ये असल्या की प्लंजर त्यांच्यावर आदळू नये म्हणून एक खटका प्लंजरच्या आडवा येतो, प्लंजर त्याला धडकतो आणि शिअर बोल्ट तुटतो. म्हणजे बोल्ट बिचारा त्याचं काम चोख करत होता. ब्रेकची पट्टी काढून पेट्रोलने पुसली, सुकवली, थोडी आवळली, संपलं. तेव्हापासून नियम, बोल्ट तुटला की पुढचा टाकायच्या आधी का तुटला ते शोधायचं आणि मशीनला सांगितलेल्याच जातीचा टाकायचा, दहाबारा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये.

बाकी कारणं साधी असतात. प्लंजरवर एक पातं असतं आणि चेंबरला एक, दोन्ही कात्रीसारखी गवत कापतात. बोथट झाली किंवा त्यांच्यातलं अंतर वाढलं की प्लंजरला गवत कापायच्या ऐवजी फाडावं लागतं आणि लोड बोल्टवर येतो. अंतर साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर, मध्ये, खाली तिन्हीकडे मोजा. खालीवर फरक आला तर प्लंजरची बेरिंग नाहीतर पट्ट्या गेल्यात. गठ्ठ्याची एक बाजू कापलेल्या केसांसारखी सपाट आणि दुसरी विस्कटलेली दिसणं ठीक आहे, पण कापलेली बाजूसुद्धा दाढी वाढल्यासारखी दिसायला लागली की समजायचं पाती बोलावतायत. दगडाने पण बोल्ट तुटतो, आमच्याकडे त्र्यंबकच्या बाजूला मुरूम आणि दगडच जास्त, म्हणून पिकअपचे दात जमिनीला टेकवायचे नाहीत, दोन बोटं वर ठेवायचे. थोडं गवत सुटलं तर सुटू द्या.

नवीन माणसाची अजून एक चूक, मशीन जोरात आपटतंय म्हणून घाबरून एक्सिलेटर कमी करतो. मीही केलं. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवरच पाहिजे, ट्रॅक्टरच्या मीटरवर त्याची खूण असते. फेऱ्या कमी झाल्या की फ्लायव्हीलमध्ये ताकद राहत नाही, गवताचा जाड लोट आला की अडकतं आणि बोल्ट जातो. हळू जायचंय तर गिअर खालचा टाका. पीटीओ जोडताना मात्र इंजिन आयडलवर, मग हळूहळू वर न्या.

गठ्ठ्याचा आकार. केळ्यासारखा वाकडा येत असेल तर चेंबरच्या एका बाजूला गवत जास्त भरतंय. आत गवत ढकलणारे जे फोर्क असतात त्यांची जागा बदलता येते, पण त्याआधी कापून शेतात लावलेली गवताची ओळ बघा, बारीक ओळीचं गवत लांबच्या बाजूपर्यंत पोचतच नाही. दोन ओळी एकत्र करा आणि परत बघा, माझं नव्वद टक्के तिथंच सुटलं. एका गठ्ठ्याला प्लंजरचे साधारण १२ ते १५ ठोके पडायला हवेत, मोजता येतात, गठ्ठा सोडल्यावर त्याच्या तेवढ्याच चकत्या निघतात. पाचसहाच चकत्या निघाल्या तर तुम्ही फार पळवताय. एक गठ्ठा तीन फुटी आणि पुढचा पाच फुटी येत असेल तर लांबी मोजणारं काट्यांचं चाक बघा, ते गठ्ठ्यावर टेकून फिरतं, घसरत असेल किंवा काटे झिजले असतील तर लांबी चुकणारच. मऊ गठ्ठे, दाब येत नाही, तर आतले स्प्रिंगचे खटके बघा जे गवत मागं येऊ देत नाहीत. त्यातला एक जाम झाला तरी फरक पडतो.

शेवटचं म्हणजे गवत, कारण कधीकधी मशीन ठणठणीत असतं आणि गवतच ओलं असतं. ओल्या गवताने प्लंजर जड जातो, गठ्ठा वजनदार होतो, सुतळी तुटते आणि आपण नॉटर उघडून बसतो. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे सकाळी दव इतकं असतं की चप्पल भिजते, अकराच्या आधी बेलर बाहेर काढायचाच नाही. गवत वाळलंय का बघायला कोरडी लोणच्याची बरणी घ्या, मूठभर गवत बारीक कापून टाका, दोन चमचे कोरडं मीठ, झाकण लावून दोनतीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर बांधा, गोळा झालं किंवा काचेला चिकटलं तर अजून एक दिवस ऊन द्या. ओलावा २० टक्क्यांच्या वर असताना बांधलेला गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो, आणि अशा गठ्ठ्यांची गंजी घातली तर ती पेटूसुद्धा शकते. शंका असेल तर लोखंडी सळई गंजीत खुपसून पंधरावीस मिनिटांनी काढा, हाताला धरवत नसेल तर गंजी मोडा. कुसळी गवत असेल तर कुसळं यायच्या आधीच कापा, नंतर ते बांधून उपयोग नाही, गाईच्या तोंडात टोचतं.

सीझन संपला की चेंबर रिकामं करा, आत अर्धा गठ्ठा ठेवून दिला की तो पावसाळाभर ओल धरतो आणि प्लंजरखालची ती दगडी ढेकळं तयार होतात. दाबाचे स्प्रिंग ढिले सोडा. चोच, चकती आणि पात्यांना ग्रीसचा हात मारा, ब्रेक सोडून. सुतळी घरात न्या, उंदीर तिचं घरटं करतात, आणि सुतळीच्या डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवा. मी पहिल्या वर्षी बंद ठेवलं होतं, ऑक्टोबरमध्ये उघडलं तर आत ताटाएवढं गांधीलमाश्यांचं पोळं, तिथून नळापर्यंत मी किती वेगात गेलो ते शेजारच्या वस्तीवर अजून सांगतात.